राखून ठेवलेलं सुनमुख

न्हाई न्हाई ताई, सीडी आत जाती की — गपकन आत जाती, फिरतीबी, फिरल्याचा आवाज येतो — पर टीव्हीवर नुसता निळा पडदा, आन त्यावर इंग्रजीत काहीतरी लिवून येतं. मला ते वाचता येत न्हाई. पोस्टमन आला व्हता, त्येनं वाचलं. म्हणला, नाथाजीआण्णा, हे मशीन म्हणतंय मी ह्याला ओळखत न्हाई. आता काय म्हणायचं सांगा. ह्यो प्लेयर वीरधवलनंच आणलेला, त्याच्या पयल्या पगाराचा, आन त्याच प्लेयरला वीरधवलचं लगीन ओळखंना. वीरधवल म्हंजे माझा मुलगा. एकुलता. पुण्याला असतो. — ही बघा ती सीडी. इस्लामपूरला करून घेतली, मोबाइलच्या दुकानात. तो गडी म्हणला, पेनड्राईव्हात जसं हाय तसं टाकलंय आजोबा, एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. — व्हय? तीच चूक म्हणता? हाय तसं टाकून चालत न्हाई? — हां. हां. म्हंजे ह्या पेनड्राईव्हातलं कॉम्प्युटरच्या कामाचं, आन त्या जुन्या मशीनला त्याच्या पद्धतीनं करून द्यावं लागतं. कळलं. ऊस कुणी हाय तसा चहात घालतंय का, आदी गूळ करावा लागतो. तसंच न्हवं? मग करा गूळ. येळ लागला तर लागू द्या. मी एसटीनं आलोय सांगलीला, परत जायला गाड्या हायत.

टीव्ही? टीव्ही जुनाच, तो मागं पोट असलेला. त्याला पेनड्राईव्हाचं भोकच न्हाई. नवा घ्या म्हणतात सगळी. कशाला नवा — आमाला दोघांना त्यात काय बघायचंय. हे येवढं एक लगीन बघायचंय. — मोबाइलवर? मोबाइलवर न्हाई बघता येत तिला. माझ्या मालकिणीला, बनुबाईला. ती पडून असती. खुबा मोडला तिचा, मिरजेला ऑपरेशन केलं, आत सळई घातलीया. उताणं पडून मोबाइल वर धरला की हात थरथरतो, आन त्यातली माणसं जोंधळ्याच्या दाण्यायेवढी. तिला चेहरं बघायचेत. कोण आलं, कोण न्हाई आलं, कुणी कुठलं लुगडं नेसलं, सुनेच्या आईच्या नाकात नथ व्हती का न्हाई — बायकांचं असतं तसलं. आन सून बघायचीया. सून तिनं एकदाच बघितलीया, सुपारी फुटली तवा, तीबी मान खाली घालून बसलेली. लाजून न्हाई, मोबाइल बघत. हसता काय, खरं सांगतोय. म्हणून टीव्हीवर पायजे. टीव्ही तिच्या पायथ्याला ठेवलाय, मान न वळवता दिसतो.

न्हाई, लग्नाला आमी न्हवतो. दोघंबी न्हवतो.

आता कसं न्हवतो म्हंजे — लगीन आठवड्यावर आलेलं. घरात हळद आलेली सांगलीच्या पेठेतनं, ही अंगणात बसून निवडत व्हती, बायांची गाणी चाललेली. उठाया गेली आन पाय लुगड्यात अडकला. उभ्याची आडवी झाली. सगळ्या अंगाला हळद. बाया हसल्या आदी, म्हणल्या नवऱ्याच्या आदी वरमाईलाच हळद लागली — मग तिचा आवाज ऐकला तवा गप झाल्या. तसंच जीपमधी घालून मिरजेला नेलं. वीरधवलला फोन केला. म्हणलं, तारीख थोडी पुढं जाईल का. तो म्हणला, आण्णा, हॉल मिळत न्हाई, त्यांची पाव्हणी लांबनं येणार, तिकिटं काढलेली हायत. बरोबर हाय. तिकिटं काढली असली तर काय करणार. माणसाचा खुबा मोडला तर सळई घालता येती, तिकिटाला काय घालणार.

तर मी दवाखान्यात राहिलो. माझा धाकटा भाऊ जोतिबा आन त्याची बायको चंद्राबाई, त्या दोघांना मी म्हणलं, तुमी जावा, घरचं कुणीतरी दिसाया पायजे मांडवात. चंद्रा न्हाई म्हणत व्हती. म्हणली, दादा तुमी जावा, अक्कांजवळ मी राहती. मी म्हणलं न्हाई. हिला रातीला तहान लागली तर ती कुणाला सांगत न्हाई, मला सांगती. तर गेली बिचारी. चंद्रा शेजारीच राहती आमच्या, भिताडाला भिताड. आता हिचं सगळं तीच करती. अंग पुसती, वेणी घालती, भाकरी मोडून दुधात कुस्करून देती. जावा-जावा म्हणलं की लोकांच्या कपाळाला आठी येती, पर ह्या दोघी — काय सांगू — एकीला ताप आला की दुसरी जेवत न्हाई. — झालं का सुरू? हे निळं सरकतंय ते तेच व्हय? बरं. सरकू द्या.

ह्या रविवारी गल्लीतल्या बाया येणार हायत लगीन बघाया. हिनंच सांगितलंय सगळ्यांना. खाटंवर पडून शेंगदाणं सोलती, म्हणती लाडू करा, लगीन हाय माझ्या पोराचं, बाया काय तशाच जाणार का. नवं लुगडं काढून ठेवलंय. मी म्हणलं, अगं टीव्हीतल्या लग्नाला नवं लुगडं? तर म्हणली, मग काय जुनं नेसू?

एकटी चंद्राच म्हणत व्हती — कशाला दादा येवढी धावपळ, मशीन जुनं झालंय, न्हाई चालायचं त्यात, ऱ्हाऊ द्या की. मी इस्लामपूरला जायच्या आदी रोज म्हणायची. मला तवा राग यायचा. हिचा येवढा जीव लागलाय आन चंद्रा म्हणती ऱ्हाऊ द्या.

एक इचारू का ताई? — ह्यातलं मधलं काही कापता येतंय का? म्हंजे मागचं पुढचं तसंच ठेवून, मधलं तेवढं काढायचं. — येतंय. बरं. न्हाई, सहज इचारलं. लांबडं हाय ना लय. बघताना बाया कंटाळतात. — मावतंय म्हणता एकाच सीडीत? सगळं? — आन आमच्याकडं वीजबी जाती हो, दुपारी जाती. मधी गेली म्हंजे परत पयल्यापासनं. — व्हय, परत लावता येतं ते खरं. — तसं न्हवं, पंगतीचं लय दाखवलंय त्यात. लोकं खाताना काय बघायची, कुणाच्या तोंडाला श्रीखंड, कुणी घास घेतोय. ते कापा. — न्हाई. पंगत नका कापू. पंगत असू द्या. तिला पंगत बघायची असंल.

तुमी माझ्या तोंडाकडं बघू नका असं. सांगतो.

सुनमुखाचं कापायचंय.

तुमचंबी झालं असंल की. लगीन झालंय न्हवं तुमचं? मग तुमच्या सासूनं बघितलं असंल तुमचं तोंड. आमच्यात बघा, अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, की मग वरमाय पाटावर बसती, पोराला एका मांडीवर घेती आन सुनेला दुसऱ्या. आन पुढ्यात आरसा धरती. सुनेचं तोंड सरळ बघायचं न्हाई, आरशात बघायचं पयल्यांदा. मग साखर घालायची तोंडात, गळ्यात आपलं काहीतरी घालायचं. तवा ती सून झाली. त्याच्या आदी नुसती लग्नातली पोरगी. माझ्या आईनं हिचं बघितलं तवा आई म्हणली व्हती, आगं बाई, कपाळ माझ्यासारखंच हाय. येवढंच म्हणली. पर ही अजून सांगती लोकांना. आई जाऊन किती वरसं झाली, हिला अजून त्या एका वाक्याचं कौतुक. आमच्या घरात सासू-सुनांची भांडणं झाली न्हाईत असं न्हाई, पर भांडण झालं की आई म्हणायची, मी आरशात बघून घेतलीया तुला, आता कुठं टाकू. आन दोघी हसायच्या.

तर लग्नाच्या सकाळी वीरधवलचा फोन आला, मिरजेला, दवाखान्यात. मी त्याचा आवाज मोठा करून हिच्या उशाला धरला. ही रडत व्हती, बोलता येईना. तर तो म्हणला, आई रडू नको, तुझं सुनमुख मी राखून ठेवतो. दुसरं सगळं उरकतो, तेवढं ठेवतो. घरी आलो की तुझ्या मांडीवर बसतो दोघंबी. मी माझ्या कानानं ऐकलं. शेजारच्या खाटंवरच्या बाईनं ऐकलं, नर्सबाईनं ऐकलं. ती नर्सबाई म्हणली, मावशी, किती गुणाचा पोरगा हो. ही लगीच गप झाली. डोळं पुसलं. डॉक्टर आला फेरीला, तर त्याला काय इचारावं हिनं — डॉक्टर, म्हणली, माझ्या मांडीवर कुणी बसलं तर सळई वाकंल का? डॉक्टर तरणा, त्याला वाटलं नातू बसवायचा असंल. म्हणला, किती वजन हाय? ही म्हणली, सून हाय, पन्नासभर किलो असंल. सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरबी हसला. मग म्हणला, आजी, रोज पाय उचलायचा व्यायाम करा, मांडीत ताकद आली की सून बसवा, मुलगा बसवा, कुणाला बी बसवा.

तवापासनं करती. सकाळी उठली की पयला पाय. जीव जातो, ओठ चावती, तरी उचलती. फिजिओवाल्या बाईंनी जेवढं सांगितलंय त्याच्यावर आणखी करती. परवा वॉकर धरून न्हाणीपतोर गेली. डॉक्टर म्हणाला ह्या वयात अशी उठलेली बाई मी बघितली न्हाई. आता ती कशानं उठली हे त्याला काय ठावं.

पोरगा? न्हाई आला अजून. येणार येणार म्हणतो. आदी म्हणला फिरायला चाललोय. मग म्हणला सुट्टी उरली न्हाई. मग तिच्या आईच्या घरी काहीतरी व्हतं. मग पाऊस. पुण्यातनं आमचं गाव काय लांब हाय हो? सकाळी चहा पिऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरात. सातारा टाकला, कराड टाकलं, आलंच. रोज हजार गाड्या जातात त्या हायवेनं. त्याची तेवढी गाडी जात न्हाई. आन ह्यो पेनड्राईव्ह — ह्यो कुरिअरनं पाठवला. वर नाव माझं, आत नुसता पेनड्राईव्ह, बोटायेवढा. हिनं तो देव्हाऱ्यात ठेवला आदी. हळदीकुंकू वाहिलं त्याला.

आन त्यात काय हाय ते बघितलं कवा — इस्लामपूरला. तो गडी सीडी करताना म्हणला, आजोबा, बघा, हेच न्हवं तुमचं? आन त्यानं मधलंच कुठलं तरी लावलं. आन मी बघितलं तर पाट मांडलेला. आरसा व्हता. आन पाटावर चंद्रा बसलेली.

आपली चंद्रा. जी मिरजेला परत आल्यावर हिच्या उशाला बसून म्हणली, अक्का, सगळं छान झालं, आन तुमचं ते ठेवलंय हां, सुनमुख ठेवलंय, गुरुजींना सांगून ठेवलंय. मी तितंच व्हतो. हिनं चंद्राच्या गालावर हात फिरवला. म्हणली, तू व्हतीस म्हणून गं. रोज सांगती अजून, चंद्रा व्हती म्हणून माझं राहिलं. आन चंद्रा खाली मान घालून वेणी घालत असती.

तवापासनं मी चंद्राशी बोललो न्हाई. म्हंजे बोलतो, चहा आण, दार लाव, येवढं. तिला कळलंय. तिनंबी इचारलं न्हाई. भाकरी ताटात टाकती ती लांबनं टाकती आता. सीडी घरी हिच्या हट्टानंच लावली, निळा पडदा आला तवा मला मनातनं बरंच वाटलं व्हतं.

तर ते कापायचंय ताई. तेवढंच कापा. हिला दिसता कामा नये. पोरगा गेला ते गेला, त्यात तो एकटा न्हाई, गावातली निम्मी पोरं पुण्याला, सगळ्यांच्या आया बसल्यात उंबऱ्यावर. पर चंद्रा गेली तर हिला दुसरं कोण हाय? तिच्या हातनं ही पाणी पिणार न्हाई परत. मी ओळखतो हिला. भांडणार न्हाई, बोलणार न्हाई, पर पिणार न्हाई.

कुठनं कुठवर? आता ते मी कसं सांगू — लावा तुमी, मी म्हणतो तितनं. — मंगलाष्टकं. हां, गर्दी. पुढं. — सप्तपदी ही. पुढं घ्या. — हां. थांबा. हितनं.

आवाज हाय का ह्याला? वाढवा जरा. इस्लामपूरला आवाज न्हवता.

…हे बघा, वीरधवल. फेटा वाकडा झालाय. लहानपणापासनं त्याला डोक्यावर काय टिकत न्हाई. — ती बघा चंद्रा मागं उभी हाय, बायकांत. कोण हाक मारतंय तिला? कॅमेरावाला? काय म्हणाला तो, परत लावा. — "मुलाकडच्या कुणी बाई बसा, सुनमुखाचा शॉट राहिलाय." शॉट. — ती न्हाई म्हणतीया. बघा, हात हलवतीया. पदर घेतला डोक्यावर. न्हाई म्हणती, बघा की तुमी, सरळ न्हाई म्हणती. तोंडानं काय म्हणाली? "अक्कांचं हाय ते." म्हणाली बघा. म्हणाली व्हती तर.

आन ह्यो काय म्हणतोय? लावा परत. — ऐकलं का तुमी? "काकी, बस गं, फोटोपुरतं."

फोटोपुरतं.

तुमीबी लग्नाचं शूटिंग करता न्हवं ताई? बोर्डावर लिवलंय भाईर. तुमीबी म्हणत असाल, काकी बसा, मावशी बसा, शॉट राहिलाय. — न्हाई, तुमाला बोलत न्हाई मी. तुमचा धंदा हाय. अल्बममधी एक पान मोकळं राहिलं तर पार्टी तुमाला बोलणार. पर त्याची आई मिरजेला पडलेली व्हती, त्याच्या फोनवर तिचा आवाज सकाळचाच व्हता, अजून गरम असंल फोन. आन ह्यो म्हणतो फोटोपुरतं. कॅमेरावाला परका. गुरुजी परका. ह्यो कुणाचा व्हता?

चालू द्या. बघतो मी.

बसली. पोरगा बसला मांडीवर — बसला काय, टेकल्यासारखं केलं, कपड्याची इस्त्री मोडंल म्हणून. सून बसली. आरसा त्या करवलीनं दिला. …

थांबवा हितं. जरा थांबवा.

हे चंद्राचं तोंड हाय?

चंद्राला पोरबाळ न्हाई, ताई. लय केलं. मिरजेचं डॉक्टर झालं, देव झालं. मग गप बसली. वीरधवल तिच्याच अंगाखांद्यावर वाढला, हिला शेतात जावं लागायचं, ती घरात राहायची. तिला कुणी सुनमुखाला बसवणार न्हवतं ह्या जन्मात. — बघा की कसं बघतीया आरशात. तिचं सगळं तोंड उजळलंय. मी येवढ्या वरसात तिला असं बघितलं न्हाई कवा. ती माझ्यापुढं पदर घेऊन असती, मला तिचं तोंड धड ठावं न्हाई. दात हायत की तिला छान. — येवढा येळ न्हाई न्हाई म्हणत व्हती, आन आरशात तोंड दिसल्यावर राहवलं न्हाई तिला. कसं राहवंल.

मी दीड महिना बोललो न्हाई तिच्याशी.

चालू करा. — साखर घातली. हां. आता हात मागं कशाला घेती ही? मानेमागं. — काय काढती गळ्यातनं? थांबवा. मोठं करता येतं का? करा.

बोरमाळ हाय ती. तिची बोरमाळ. काढून सुनेच्या गळ्यात घातली तिनं.

ताई, ह्या दोन बोरमाळा हायत. एक हिची, एक चंद्राची. एका साली ऊस लय चांगला गेला, तवा दोघी मिळून सांगलीला आल्या, सराफाकट्ट्यावर एकाच सोनाराकडनं एकसारख्या करून घेतल्या. मणी मोजून सारखे. फक्त हिच्या माळंला खाली लाल खडा, चंद्राच्याला हिरवा. मिसळू नयेत म्हणून. हिची हिनं पेटीत ठेवलीया, सुनमुखाला सुनेच्या गळ्यात घालायची म्हणून. आन चंद्राची — चंद्राचा गळा मोकळा हाय लग्नापासनं. हिनं इचारलं तर म्हणली, अक्का, दोरा तुटला, गाठवायला टाकलीया. जोतिबालाबी तेच सांगितलं असंल. आमचं कुणाचं ध्यान गेलं न्हाई त्यावर. गाठवायला टाकलेली माळ इतकं दिस राहती का कुठं सोनाराकडं? — म्हंजे त्यानं फोटोपुरतं बसवली, आन ही खरोखर बसली. सोनं काढून दिलं. रीत हाय म्हणून. मोकळ्या हातानं सुनेचं तोंड बघायचं न्हाई म्हणून.

पुढं घ्या जरा. ह्याच्या पुढचं. — पंगत. सुनेच्या गळ्यात बघा, हाय? हाय. हिरवा खडा, नीट दिसतोय. — आणखी पुढं. नाव घेतीया. हाय. — आहेर घेताना? हितंबी हाय. — गाडीत बसताना? फुलं लावलेली गाडी. वाकली आन — हाय. लोंबतीया.

सगळीकडं हाय.

मग कापून काय उपयोग? सुनमुख कापलं तर गळा कसा कापायचा? बनुबाई दुसरं काय बी बघणार न्हाई ओ, सुनेच्या गळ्याकडं बघणार. बाया गळाच बघतात पयला. टीव्ही केवढा, आन ती माळ तिनं सोनाराच्या पुढ्यात बसून ववून घेतलेली. अंधारात हात लावून सांगंल, ही माझी न्हाई, ही चंद्राची.

पुसता येतंय का ते? गळ्यातलं तेवढं? — न्हाई. प्रत्येक चित्रात पुसावं लागंल. बरं. न्हाई येत.

काय म्हणता? — तिला सांगून टाका म्हणता. सांगून टाका. व्हय, तुमी शिकलेल्या, तुमचं बरोबर असंल. पर काय सांगू मी तिला, तुमीच सांगा. तुझं सुनमुख त्याच दिवशी झालं, तू दवाखान्यात डोळं पुसत व्हतीस तवाच झालं? ती रोज उठून पाय उचलती ना ताई. ओठ चावून उचलती. त्या मांडीसाठी उचलती. आज रातीला मी सांगितलं, तर उद्या सकाळी ती पाय कशासाठी उचलंल? माझ्यासाठी उचलणार न्हाई. माझ्यासाठी कशाला उचलंल, मी हाय की उचलून ठेवाया.

येईल का न्हाई तो, मला ठावं हाय. तुमालाबी कळलं असंल आता. आन उद्या आलाच, तर ती सून गळ्यात ती हिरवी माळ घालून येईल, लाडानं, काकींनी दिलेली म्हणून. म्हंजे मी रोज देवाला म्हणतो त्याला घरी आण, आन आजपासनं मला म्हणावं लागणार, नको आणू. बापावर ही येळ आणली त्यानं. फोटोपुरतं म्हणून.

अक्षता कुठं पडतात ते लावा. मागं. आणखी मागं. — हां. मंगलाष्टक संपलं, वाजलं, अक्षता उडाल्या. गळा बघा तिचा. हितं न्हाई ना ती माळ? न्हाई. नीट बघा, तुमचे डोळे चांगले हायत. — न्हाई. मग हितंच संपवा. ह्याच्या पुढचं सगळं काढा. पंगत काढा, नाव घेणं काढा, गाडी काढा, सगळं. अक्षता पडल्या म्हंजे लगीन लागलं. बास झालं.

बनुबाई इचारणार, व्हय. पुढचं कुठं हाय म्हणून बाया इचारणार. मी सांगीन, जुन्या मशीनला तेवढंच झेपतं. पुढचं सीडीत मावलं न्हाई. तुमच्या दुकानावर ढकलीन, राग मानू नका. माझं अक्षर-ज्ञान तिला ठावं हाय, मला फसवलं असंल म्हणंल. म्हणू दे. चंद्रा तितं बसलेली असंल बायांत, लाडवाचं ताट घेऊन. अक्षता पडल्या आन टीव्ही निळा झाला की ती माझ्याकडं बघंल. मीबी बघीन तिच्याकडं एकदा सरळ. येवढं तिला कळंल.

न्हाई, पेनड्राईव्ह हाय तसा परत नका देऊ मला. घरी नेला तर कुणीतरी मोबाइलला लावून बघंल. तो तुमी — त्यातलं सगळं पुसा आन मोकळा द्या. ती देव्हाऱ्यात ठेवती, मोकळाच ठेवंल. — व्हय, कळलं मला, परत मिळणार न्हाई. चंद्राचं तोंडबी त्यातच जाणार, ते कळलं. चंद्रासाठी दुसरी सीडी कशाला? कुठं लावंल ती? प्लेयर एकच हाय आन तो हिच्या खाटंच्या पायथ्याला हाय. पुसा.

पाणी नको. डोळ्यात तुमच्या एसीचं वारं जातंय, दुसरं काय न्हाई. तुमचं काम सुरू करा, माझी दुपारची गाडी हाय. मी ह्या बाकड्यावर बसतो तवर. आता मला काय इचारू नका.